आवरलेला पलंग

त्या हॉटेलात तिला सगळे टापटीप म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नव्हतं, पण ज्याने ठेवलं त्याला माणसाची पारख होती. तिने अंथरलेल्या चादरीवर मुंगी चालली तर घसरून पडेल, असं लिफ्टवाला म्हणायचा. खोलीत शिरलं की आधी खिडकी, मग चादर, मग उशा, शेवटी न्हाणीघरातले नळ. हात आपल्या ठरल्या वाटेने जायचे आणि डोकं मोकळं राहायचं. त्या मोकळ्या डोक्यात ती घरचे विचार करायची. सासूबाईंचा गुडघा, नवऱ्याची गॅरेजमधली कुरबुर, थंडीच्या आधी दुरुस्त करायला हवी ती खिडकी.

हॉटेल स्टेशनासमोर होतं, उंच आणि काचांचं. लिफ्टवाल्याचा आणखी एक विनोद होता. "लिफ्ट जसजशी वर जाते ना, तसतसा माणसांचा रंग पक्का होत जातो," तो म्हणायचा. खाली काउंटरवर गोऱ्यापान मुली, जेवणाच्या दालनात गव्हाळ, आणि वरच्या मजल्यांवर चादरी, न्हाणीघरं आणि टापटीपसारख्या काळ्या बायका. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, कारण लिहायची गरजच पडली नव्हती. लिफ्टवाला स्वतःही काळाच होता, म्हणून त्या विनोदावर हसायची सगळ्यांना मुभा होती.

एका हिवाळ्यात वरच्या मजल्यांवर नवा साहेब आला. आधी तो खाली काउंटरचा मुख्य होता. त्याला वर का पाठवलं, हे कोणी सांगितलं नाही.

"बढती असेल," टापटीप म्हणाली.

"वर चढला म्हणजे बढतीच म्हणायची," लिफ्टवाला म्हणाला. स्वतःच्या विनोदावर न हसण्याची त्याची ती पहिलीच वेळ.

एका दुपारी ती टोकाच्या खोलीत चादर बदलत असताना साहेब तपासणीला म्हणून आत आला आणि त्याने दार लावून घेतलं. पुढे काय झालं ते तिने पोलिसांना सांगितलं, न्यायालयात सांगितलं, आणि दोन्हीकडे काही न लपवता सांगितलं. इथे ते परत सांगायची गरज नाही. तो गेल्यावर ती उठली. कपडे सारखे केले. चादर चुरगळलेली होती. तिने ती ओढून काढली आणि भिंतीतल्या ज्या बोगद्यातून मळके कपडे थेट तळघरातल्या धुलाईत जातात, त्यात सोडून दिली. दुसरी अंथरली. चारही कोपरे खोचले. उशा झटकून रचल्या, नळ पुसला, दार ओढून घेतलं आणि गाडी ढकलत शेजारच्या खोलीत गेली. तिथली चादर हातात घेतल्यावर मात्र ती जमिनीवर बसली.

संध्याकाळी ती पोलिसांकडे गेली, तोवर ती चादर धुऊन, इस्त्री होऊन, इतर चादरींत जाऊन बसली होती.

खटला उभा राहिला, तो चालायचा तसा चालला. साहेबाचा वकील आवाज न चढवता बोलणारा, नीटस माणूस होता. त्याने तिला फार काही विचारलं नाही.

"तुम्ही सांगता ते घडलं, त्यानंतर पलंग कोणी आवरला?"

"मी."

"उशा?"

"मीच."

"नळसुद्धा पुसलात?"

"हो."

"कोणी सांगितलं होतं?"

"नाही. कामच आहे ते माझं."

वकील न्यायाधीशांकडे वळला. "जिच्यावर असा प्रसंग ओढवतो ती बाई ओरडते, पळते, निदान रडत बसते. ही बाई उशा झटकत होती." मग थोडं थांबून, जणू तिची बाजू घेतल्यासारखं, तो म्हणाला, "अर्थात या लोकांमध्ये अशा गोष्टींचा आपल्याइतका बाऊ करत नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवं."

तेव्हाचा कायदा असा होता, की घटनेनंतरचं तक्रारदाराचं वागणं घटनेला साजेसं असलं पाहिजे. आवरलेला पलंग साजेसा नव्हता. साहेब सुटला. टापटीपची नोकरी गेली.

घरी परतताना बसमध्ये नवरा शेजारी होता. माणूस चांगला होता, दर तारखेला रजा काढून बाकावर बसला होता. उतरायच्या आधी म्हणाला, "माझा तुझ्यावर विश्वास आहे गं. पण तू आवरलंस कशाला?"

साहेबाच्या वकिलाने जे केलं नव्हतं ते या 'पण'ने केलं. का आवरलं, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. त्या दिवसापासून तिने घरातला पलंग आवरणं सोडलं. पांघरुणं सकाळी जिथे पडतील तिथे दिवसभर पडलेली असत. नवऱ्याने एकदा हात लावला तर म्हणाली, "राहू दे तसंच."

तिला बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायचं काम मिळालं. दिवस जात होते. एका रविवारी सकाळी ती आणि सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. सासूबाई म्हणजे जिभेला हाड नसलेली म्हातारी. तारुण्यात एका मोठ्या बंगल्यात भांडी घासायला होत्या. दोघींत कधी गोडगोड बोलणं नव्हतं, आणि त्यामुळे दोघींचं बरं चालायचं.

"खोलीचा पार उकिरडा केलायस सूनबाई," सासूबाई म्हणाल्या. "टापटीप म्हणे. कसली टापटीप."

"आवरलं की माणूस खोटा ठरतो, आई."

सासूबाईंनी हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, दुसरी घेतली. मग मान वर न करता म्हणाल्या, "मी भांडी पुरी घासली होती."

"कधी?"

"तो बंगल्याचा मालक माझ्या अंगावरून उठून गेल्यावर. सगळी घासली, पालथी घातली, फडकं पिळून वाळत टाकलं. घरी येऊन तुझ्या नवऱ्याला जेवायला वाढलं, तेव्हा तो एवढासा होता. आजवर कोणाला बोलले नाही. म्हटलं, मला काही झालं असतं तर मी भांडी कशाला घासली असती? म्हणजे झालंच नसेल." त्यांनी नाक ओढलं. "आता माझ्या तोंडाकडे बघू नकोस. मटार सोल."

टापटीपने मटार सोलले. पण तिचा चेहरा त्या दिवसानंतर पालटला, असं नवरा पुढे सांगायचा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने शेजारी बसणाऱ्या बाईला विचारलं, "तुझ्यावर कधी असा प्रसंग आला होता का, हे मी विचारत नाही. आला असला, तर नंतर तू काय केलंस, एवढंच सांग." त्या बाईने पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला. मग म्हणाली, "मुलाचा अभ्यास घेतला."

हा एकच प्रश्न टापटीप विचारत सुटली. काय झालं, कोणी केलं, कुठे केलं, काही नाही. मग काय केलंत, एवढंच. पहिल्या प्रश्नाला बायका दार लावून घेत, या प्रश्नाला उघडत. कोणी कपड्यांना इस्त्री केली होती. एका शिक्षिकेने शेवटचा तास घेतला होता आणि फळा पुसला होता. सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सने रुग्णांना संध्याकाळच्या गोळ्या दिल्या होत्या, एकही न चुकता. तिचा खटला तेव्हा उभा राहायचा होता. "माझा वकील म्हणतो, गोळ्या चुकवल्या असत्या तर बरं झालं असतं," ती चारचौघींत म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, आणि मग कोणालाच हसू येईना.

बायका टापटीपच्या स्वयंपाकघरात जमू लागल्या. सासूबाई चहा करता करता कातावल्या. "ही चळवळ आहे की चहाचं दुकान? साखर बघ किती उरली ते." पण डबा रिकामा झाला की भरून त्याच ठेवत.

सुट्टीच्या दिवशी या बायका न्यायालयासमोरच्या पायऱ्यांवर बसायला लागल्या. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. प्रत्येकीने त्या दिवशी जे काम केलं होतं तेच ती करत बसायची. कोणी कपड्यांच्या घड्या घालायची, कोणी वह्या तपासायची. सासूबाई गुडघा धरत एक पातेलं घेऊन आल्या आणि घासत बसल्या. मागे पुठ्ठ्यावर लिहिलेलं असे, 'मग आम्ही काम केलं.' टापटीप घरून चादर न्यायची, ती झटकायची, घडी घालायची, परत उलगडायची. येणाऱ्याजाणाऱ्यांना आधी गंमत वाटली, नंतर अवघडल्यासारखं झालं. हवालदार उठवायला आला तेव्हा सासूबाईंनी त्याला विचारलं, "भांडी घासायला बंदी आहे का रे बाळा? असली तर आमच्या घरी येऊन माझ्या लेकाला सांग, तो खूश होईल."

एकदा दुपारी तिथे एक गोरी, उंच बाई आली. टापटीपने तिला लगेच ओळखलं नाही, कारण तिला तिने नेहमी काउंटरच्या मागे अर्धंच पाहिलं होतं.

"तुम्ही वरच्या मजल्यावर होतात," काउंटरवाली म्हणाली.

"होते."

"त्याने आधी मला त्रास दिला. मी तक्रार केली. वडील येऊन मालकांना भेटले. मालक म्हणाले, उद्यापासून तुम्हाला तो दिसणार नाही. आणि खरंच नाही दिसला." तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला होता. "त्याला तुमच्याकडे पाठवलं होतं."

टापटीपची चादर अर्धी घडी होऊन हातातच राहिली. बढती, ती म्हणाली होती. एका मजल्यावरचा कचरा दुसऱ्या मजल्यावर लोटला होता, आणि तो दुसरा मजला तिचा होता. तिचा म्हणजे तिच्या रंगाचा. गोऱ्या मुलीच्या तक्रारीने साहेब हलला होता, काळ्या बाईच्या तक्रारीने काळी बाईच हलली होती.

"तुम्ही नंतर काय केलंत?" तिने विचारलं.

"फोन वाजत होता. उचलला. 'नमस्कार, आपली काय सेवा करू,' म्हणाले." काउंटरवालीचा आवाज तेवढ्यापुरता काउंटरवरचा झाला. टापटीपने पायरीवर सरकून तिला जागा करून दिली.

आता मागण्या दोन झाल्या. पहिली, घटनेनंतर बाईने आपलं रोजचं काम केलं म्हणून घटना घडलीच नाही, असं न्यायालयाला म्हणता येऊ नये. दुसरी, तक्रार झालेल्या माणसाला उचलून दुसऱ्या बायकांवर नेमणं हाही गुन्हा धरावा, आणि बाईच्या रंगावरून किंवा ती कोणत्या लोकांतली आहे यावरून तिच्या खरेपणाबद्दल बोलता येऊ नये.

कायदेमंडळातल्या एका सदस्यबाईंनी हे मनावर घेतलं. बाई प्रामाणिक होत्या आणि थकलेल्या होत्या. त्या टापटीपच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"पहिलं कलम याच अधिवेशनात होतं," त्या म्हणाल्या. "मतं जमली आहेत. दुसरं जोडलं तर दोन्ही पडतील. हॉटेलवाले, कारखानदार, सगळे उलटतील, आणि रंगाचं नाव काढलं की निम्मे सभासद चहाला उठून जातात. आधी एक घेऊ या. दुसऱ्याचं पुढे बघू."

"पुढे म्हणजे कधी?"

"खरं सांगू? माहीत नाही."

खोलीत बऱ्याच बायका होत्या. शिक्षिका म्हणाली, मिळतंय ते घ्यावं. नर्स तर हात जोडून म्हणाली, "माझी तारीख लागलीय. पहिलं कलम झालं तर मी वाचते."

सगळ्या टापटीपकडे बघत होत्या. तिला कोणी पुढारी केलं नव्हतं, पण प्रश्न तिचा होता, त्यामुळे उत्तरही तिच्याकडूनच हवं होतं.

"पहिलं कलम असतं तर मी कदाचित जिंकले असते," ती सावकाश म्हणाली. "पण दुसरं असतं तर तो माझ्या मजल्यावर आलाच नसता. तुम्ही मला न्यायालयात नीट रडता यावं याची सोय करताय, बाई. मला तिथे जावंच लागू नये, ते कलम मागे ठेवून."

"आणि ही?" सदस्यबाईंनी नर्सकडे बोट दाखवलं. "हिला काय सांगायचं?"

टापटीप नर्सकडे बघून म्हणाली, "तू मला शिव्या दिल्यास तरी चालेल. पण एक कलम करून हे कायदेमंडळवाले घरी गेले की परत येणार नाहीत. मी दोन्ही म्हणते."

हात वर करून घेतले. थोडक्या मतांच्या फरकाने दोन्ही ठरलं. आणि अधिवेशनात, सदस्यबाई म्हणाल्या होत्या तसंच, दोन्ही पडलं.

नर्सचा खटला उन्हाळ्यात लागला. तिला विचारलं, गोळ्या कोणी दिल्या? ती हरली. संध्याकाळी ती टापटीपच्या दारात आली. आत आली नाही.

"तुमच्या हट्टापायी," ती म्हणाली.

नर्स गेल्यावरही टापटीप दारातच उभी होती. सासूबाईंनी आतून हाक मारली, "अगं, वारा येतोय, दार लाव. आणि जेवून घे. उपाशी राहून कोणाचा खटला जिंकत नाहीत."

त्यानंतरचा काळ वाईट गेला. पायऱ्यांवरच्या बायका रोडावल्या. शिक्षिका यायची बंद झाली. ऊन असो, गारठा असो, टापटीप आपली चादर घेऊन जायची. कधी सोबतीला कारखान्यातल्या चारदोन काळ्या बायका, कधी नुसत्या सासूबाई आणि त्यांचं पातेलं. वर्तमानपत्रात बातमी यायची ती आतल्या पानावर, हरवलेल्या कुत्र्यांच्या शेजारी. मनातून ती अनेकदा म्हणायची, आपण चुकलो. पण चुकलो म्हणून घरी बसायचं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. काम हातात घेतलं की पुरं करायचं, ही तिची खोडच. तीच खोड तिला एकदा नडली होती.

या दिवसांत काउंटरवाली मात्र पायऱ्यांवर कमी आणि दुसरीकडेच जास्त फिरत होती. हॉटेलं, बँका, दवाखाने, जिथे जिथे पुढच्या टेबलावर गोऱ्या मुली बसवतात तिथे. काय बोलायची ते टापटीपला नंतर कळलं. ती एवढंच विचारायची, "तुझ्या तक्रारीनंतर त्याला कुठे पाठवलं?"

पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या सकाळी गावातली काउंटरं ओस पडली. हॉटेलांत फोन वाजत राहिले. बँकांत रांगा थांबल्या. पुढच्या टेबलांवरच्या बायका उठून चालत न्यायालयाच्या पायऱ्यांवर आल्या आणि चादरी झटकणाऱ्या बायकांच्या शेजारी बसल्या. त्यांची मागणी एकच होती. दुसरं कलम.

संध्याकाळी ती बातमी पहिल्या पानावर आली, फोटोसकट.

"बघ," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "आम्ही दोन हिवाळे भांडी घासली तर कुत्र्यांशेजारी. या एक सकाळ उठल्या तर पहिलं पान."

"म्हणूनच तर दुसरं कलम हवं, आई," टापटीप म्हणाली. काउंटरवाली शेजारीच बसून चहा पीत होती. तिने मान हलवली, आणि बशीतला चहा सासूबाईंच्या चांगल्या टेबलक्लॉथवर सांडला.

गर्दीच्या पार दुसऱ्या टोकाला त्या सकाळी नर्सही येऊन बसली होती. टापटीपशी ती बोलली नाही, पुढेही फारशी बोलली नाही. पण दवाखान्यातल्या सगळ्या नर्सना घेऊन आली होती.

दोन्ही कलमं झाली. वाद झाले, काही शब्द बोथट केले, मालकांची शिक्षा त्यांनी मागितली होती तेवढी राहिली नाही. पण झाली. टापटीपचा जुना खटला मात्र उघडता येत नव्हता, नर्सचाही नाही. नवा कायदा मागे वळून बघत नाही, हे सदस्यबाईंनी तिला समजावून सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं.

नव्या कायद्याखालचा पहिला खटला लागला तो एका कपड्यांच्या दुकानातल्या झाडूवालीचा. काळी, किडकिडीत, आवाज न फुटणारी मुलगी. टापटीप मागच्या बाकावर बसली होती. वकील तोच, नीटस, केस आता पिकलेले.

"तुम्ही म्हणता ते घडल्यावर," त्याने विचारलं, "दुकान झाडून कोणी काढलं?"

मुलीने तोंड उघडलं.

"उत्तर देऊ नका," न्यायाधीश म्हणाले. "वकीलसाहेब, त्यावरून आता काही ठरत नाही. पुढे चला."

वकिलाने कागद खालीवर केले. "या लोकांमध्ये," त्याने सुरुवात केली.

"तेही नाही," न्यायाधीश कागदावरून मान वर न करता म्हणाले.

वकिलाने चष्मा काढला, घातला, आणि पहिल्यांदाच त्या मुलीला विचारलं की त्या दिवशी नेमकं काय झालं. मुलगी बोलायला लागली. सुरुवातीला ऐकू येईना, मग येऊ लागलं.

तारीख पुढे पडली. टापटीप बसने घरी आली. चप्पल काढून सरळ आतल्या खोलीत गेली आणि पांघरुणं ओढून बाजूला केली. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. टापटीपने नवी चादर झटकली, अंथरली, कोपरे खोचले, उशा रचल्या. सवय गेली होती. दोनदा काढून परत घालावी लागली.

"तो पलीकडचा कोपरा वाकडा आलाय," सासूबाई म्हणाल्या.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या तारखेला त्या मुलीची आई नसणार, कामावर आहे. तिच्याबरोबर मी बसणार आहे. तुम्हीही या."

"पातेलं आणू?"

"नको. या वेळी नुसतं बसायचं."

सासूबाईंनी वाकून तो कोपरा ओढून सरळ केला, आणि चहा ठेवायला गेल्या.